धाप लागली की पळून जावंसं वाटतं, माझं मन कमकुवत आहे का?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई ३८ वर्षांच्या आहेत. तीन महिन्यांपूर्वी धाकट्या बहिणीच्या आग्रहावरून दोघींनी मिळून हाय इंटेन्सिटीचा ग्रुप क्लास लावला, ४५ मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. बहीण क्लासमधून फुलून बाहेर येते. ह्यांना मात्र पंधराव्या मिनिटापासून घड्याळाकडे बघायला होतं, मळमळतं, जीव घाबरा होतो, आणि आदल्या रात्रीच पोटात गोळा येतो. आत्तापर्यंत पाच वेळा क्लास अर्धवट टाकून बाहेर आल्यात. ट्रेनर म्हणतो, सगळं मनात असतं, मन खंबीर करा. बहीण म्हणते, अजून महिनाभर काढ, मग बघ चटक लागेल. क्लासच्या आधी ह्या आठवड्यातले सहा दिवस तासभर भरभर चालायच्या, ते आता बंद पडलंय. विचारतात, "मी आळशी आहे का? सहनशक्ती वाढवायची कशी? की सरळ मान्य करू की व्यायाम माझ्यासाठी नाहीच?" खाली सही, अर्ध्यातून परतणारी.

प्रिय ताई,

तुमचं शेवटचं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. व्यायाम माझ्यासाठी नाहीच. आणि त्याच पत्रात वर कुठेतरी, अगदी जाता जाता, तुम्ही लिहिलंय की सहा-सहा दिवस तासभर चालायचात, कोणी मागे लागलेलं नसताना, वर्षानुवर्षं. म्हणजे इतकी नियमित व्यायाम करणारी बाई तीन महिन्यांत ह्या निष्कर्षाला येते की आपण व्यायामातल्या नाही. वाचून वाईट वाटलं आणि खरं सांगते, रागही आला, तुमचा नाही, घामाने चिंब होऊन जमिनीवर आडवं पडलं तरच तो व्यायाम ह्या समजुतीचा.

आधी एक गोष्ट उरकून घेऊ, ती राहून जायला नको. मळमळणं, जीव घाबरा होणं हे जोराच्या व्यायामात पुष्कळ जणांना होतं, तरीही एकदा डॉक्टरांना दाखवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बीपी एवढं तरी बघून घ्या. अंगात रक्त कमी असेल तर स्नायूंना ऑक्सिजनच पुरत नाही, मग जराशा श्रमात धाप लागते आणि माणूस वर्षभर स्वतःच्या मनाला दोष देत बसतो. दम्याची बारीकशी तक्रार असेल किंवा बीटा ब्लॉकर गटातली, म्हणजे हृदयाचे ठोके आणि बीपी कमी ठेवणारी गोळी चालू असेल तरी असं होऊ शकतं. व्यायाम करताना छातीत दुखलं, शुद्ध हरपल्यासारखं झालं, छातीत वेडीवाकडी धडधड झाली तर तिथल्या तिथे थांबायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा, ह्यात चर्चा नाही. आणि व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी येणारा थकवा जर तुम्हाला दोन-दोन तीन-तीन दिवस उठूच देत नसेल तर तेही सांगा, तिथे अजून जोर लावला तर बिघडतं. हे सगळं ठीक निघालं असं धरून पुढचं लिहितेय.

तुम्ही विचारलंय सहनशक्ती कशी वाढवू. मला वाटतं घोळ ह्या शब्दातच आहे, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. मराठीत त्यांना तीन वेगळे शब्द आहेतच की, आवडणं, सोसणं आणि झेपणं. झेपणं म्हणजे तुमचं हृदय, फुप्फुसं, स्नायू आज किती काम ओढू शकतात ते. सोसणं म्हणजे नकोसं वाटायला लागल्यावरही तुम्ही किती वेळ रेटू शकता ते. आणि आवडणं म्हणजे कोणी वेग ठरवून दिला नाही तर तुमची पावलं आपोआप कुठल्या वेगाला जाऊन स्थिरावतात ते. तुमच्या क्लासमध्ये तिन्हीची मिळून एकच परीक्षा घेतात आणि नापास झालं की म्हणतात मन कमकुवत आहे.

ही वाटणी मी मनाने केलेली नाही. व्यायामाचं मानसशास्त्र अभ्यासणारे पँटेलीमॉन एक्केकाकिस आणि त्यांचे सहकारी हॉल आणि पेट्रुझेलो ह्यांनी २००५ साली ह्यावर १६ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, त्यातले ८ प्रश्न आवडीचे आणि ८ सोसण्याचे. मुद्दाम वेगळे ठेवलेत, कारण दोन्ही गोष्टी एकाच माणसात बऱ्याचदा बरोबर सापडतात पण नेहमी नाही. आणि ह्या दोन्हीकडे ते स्वभावाच्या ठेवणीसारखं बघतात, म्हणजे कोणाला गर्दी आवडते कोणाला शांतता, तसं. कोणी शांतताप्रिय माणसाला आपण आळशी म्हणत नाही.

आता ट्रेनरच्या वाक्याकडे येते, कारण ते वाक्य अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त त्रास देतं. तुम्ही आरामात चालताय आणि हळूहळू वेग वाढवत नेताय असं समजा. एक जागा अशी येते की पूर्ण वाक्य बोलता येत नाही, दोन-दोन शब्द तुटक निघतात, श्वास एकदम जड होतो, रक्तात लॅक्टेट, म्हणजे स्नायू जोरात काम करताना तयार होणारा पदार्थ, साठायला लागतं. ह्याला थ्रेशोल्ड म्हणतात, आपण उंबरठा म्हणू. उंबरठ्याच्या अलीकडे बहुतेक सगळ्यांना बरं वाटतं. उंबरठ्याच्या आसपास माणसामाणसात फरक पडतो, कोणाला मजा येते, कोणाला नकोसं होतं, आणि इथे मनाचा वाटा मोठा असतो, आत्मविश्वास, सोबत, गाणी, आपण काय विचार करतोय हे सगळं चालतं. पण उंबरठ्याच्या बराच पलीकडे गेलं की जवळजवळ प्रत्येकाचंच बरं वाटणं खाली घसरतं, कारण तिथे छाती, पाय, पोट सगळीकडून शरीराचे सिग्नल इतक्या जोरात येतात की विचारांचं काही चालेनासं होतं. म्हणजे "मन खंबीर करा" हा सल्ला उंबरठ्यापाशी उपयोगाचा असतो, आणि तुम्हाला तो नेमका तिथे दिला जातोय जिथे त्याचा सगळ्यात कमी उपयोग आहे.

आणि तुमचा उंबरठा आणि तुमच्या बहिणीचा उंबरठा एकाच ठिकाणी आहे हे कोणी बघितलंय? दोघी शेजारी उभ्या राहून त्याच उड्या त्याच गाण्यावर मारताय, पण तिच्यासाठी ते उंबरठ्यावर असेल आणि तुमच्यासाठी चांगलंच पलीकडे. स्क्रीनवर हार्ट रेट दिसतो त्यावरूनही हे नीट कळत नाही, २२० वजा वय हा हिशोब सरासरीचा आहे, एखाद्या माणसाच्या बाबतीत तो १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतो. तुम्ही दोघी वेगवेगळा व्यायाम करताय ताई, बाहेरून तो एकसारखा दिसतो इतकंच.

हा २० सेकंद जोर आणि १० सेकंद विश्रांतीवाला प्रकार सगळीकडे पोचलाय ना, तो गाजला १९९६ साली जपानच्या इझुमी तबाता ह्यांच्या अभ्यासातून. तो अभ्यास सायकलवर केलेला होता, तरुण, खेळात मुरलेल्या मुलांवर. उपयोगाचाच अभ्यास आहे तो, पण तीच मात्रा सगळ्यांना सारखी लागू पडेल असं त्यातून निघत नाही. शरीरं किती वेगळी असतात ह्याचा एक अंदाज देते. हेरिटेज नावाच्या मोठ्या अभ्यासात लोकांना २० आठवडे एकसारख्या पद्धतीने व्यायाम करायला लावला, तर काहींची ऑक्सिजन वापरायची क्षमता जवळजवळ हललीच नाही आणि काहींची मिनिटाला एक लिटरपेक्षा जास्त वाढली. त्यातला बराच फरक घराण्याघराण्यांमधला होता, म्हणजे एकाच घरातल्या लोकांची वाढ बरीचशी सारखी दिसली. तरी सख्ख्या बहिणीसुद्धा एकसारख्या नसतात, हे तुम्ही बघतच आहात.

इथे मला एक कबूल करायचंय. मी तुमच्या बहिणीच्या जातीची आहे. मला धाप लागलेली आवडते, डोकं रिकामं होतं, हळू चाललं की मला कंटाळा येतो. आणि मी माझ्या एका मैत्रिणीला बळेच चढावर पळायला न्यायचे, तिला म्हणायचे अजून थोडं, अजून थोडं, तू करू शकतेस. ती पाच आठवडे आली, मग कारणं सांगायला लागली, मग माझे फोनही घेईनाशी झाली. मला तेव्हा वाटलं तिच्यात चिकाटी नाही. आज कळतं की मी तिच्यावर माझी आवड लादत होते आणि तिला ती तिची कमतरता वाटत होती. त्याची टोचणी अजून आहे, म्हणून हे उत्तर इतकं लांबतंय.

तुम्ही लिहिलंय की क्लास संपल्यावर "एकदम हलकं वाटतं, म्हणून वाटतं की फायदा होतोय, मग पुन्हा जाते." हे हलकं वाटणं खरं आहे, जोराचा व्यायाम थांबला की काही मिनिटांत मूड उसळी मारून वर येतो, जवळजवळ सगळ्यांचा येतो, पण त्यात सुटल्याचा आनंदही मिसळलेला असतो. पुढे माणूस व्यायाम करत राहील की नाही हे बघायचं तर व्यायाम चालू असताना कसं वाटत होतं ते बघावं लागतं. २००८ साली डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, त्यात मध्यम जोराचा व्यायाम करताना ज्यांना बरं वाटलं ते लोक ६ आणि १२ महिन्यांनंतरही जास्त हालचाल करताना दिसले. तुमच्या पोटातला आदल्या रात्रीचा गोळा हेच सांगतोय. शरीराने लक्षात ठेवलंय की तिथे गेलं की वाईट वाटतं. हा गोळा घेऊन कोणी वर्षानुवर्षं व्यायाम करत नाही, तीन महिने केलात हेच मला जास्त वाटतं. आळशी माणूस पाच वेळा उठून बाहेर येऊन सहाव्यांदा परत जात नाही.

आणि त्याच वर्षीचा अजून एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. व्यायामाची सवय नसलेल्या मध्यमवयीन बायकांना ट्रेडमिलवर आधी त्यांच्या मनाने वेग ठरवू दिला, दुसऱ्या वेळी त्यांनी निवडलेल्या वेगापेक्षा फक्त १० टक्के जास्त वेग लावून दिला. स्वतःच्या वेगाला बरं वाटणं टिकून राहिलं, वाढवलेल्या वेगाला ते घसरत गेलं. फक्त १० टक्के! तुमच्या क्लासमध्ये तर तुमच्या आवडीच्या वेगाची कोणी चौकशीच केलेली नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला गोड वाटेल तेवढंच सांगितल्यासारखं होईल. जोराच्या व्यायामाचे फायदे खरे आहेत, कमी वेळात भागतं आणि दमसास लवकर वाढतो. पण तो एकमेव रस्ता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जे सांगितलंय ते असं, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, किंवा दोन्हीचं मिश्रण, आणि शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. तुमचं सहा दिवस तासभर भरभर चालणं म्हणजे ३६० मिनिटं झाली. वरच्या आकड्याच्याही पुढे होतात तुम्ही, क्लास लावायच्या आधी! तुमच्याकडे खरंच कमी काय होतं तर ते दोन दिवसांचं ताकदीचं काम, आणि त्याला धाप लागायची गरजच नसते, वजन उचला, खाली ठेवा, दोन मिनिटं बसा, परत उचला. क्लासपैकी तुम्हाला हवा होता तो भाग एवढाच.

मग सहनशक्तीचं काय? सोसण्याची ठेवण फारशी बदलत नाही, तिच्याशी भांडण्यात शक्ती घालवू नका असं माझं मत आहे. झेपणं मात्र वाढतं. आणि झेपणं वाढलं की उंबरठा वर सरकतो, म्हणजे आज ज्या चढावर तुमची बोलती बंद होते तोच चढ काही महिन्यांनी गप्पा मारत चढाल, आणि मग सोसायची वेळच कमी येते. तुम्ही आत्तापर्यंत उलटं करत होतात, सोसून सोसून झेपवायला बघत होतात.

करायचं कसं ते सांगते. चार आठवडे क्लास बंद ठेवा, चालणं परत सुरू करा, आणि एक सवय लावा, व्यायाम चालू असतानाच मध्ये दोन-तीनदा स्वतःला नंबर द्या, उणे ५ ते अधिक ५, उणे ५ म्हणजे अगदी वाईट वाटतंय, शून्य म्हणजे ना बरं ना वाईट, अधिक ५ म्हणजे मस्त. ही मोजपट्टी संशोधकही वापरतात. नंबर चालू असतानाचाच घ्यायचा, नंतरचा धरायचा नाही, नंतरचा फसवतो हे वर लिहिलंच आहे. पहिल्या आठवड्यात काहीच बदलू नका, फक्त बघा तुमचा नंबर कुठल्या वेगाला कुठे असतो. दुसऱ्या आठवड्यापासून, रोज नाही, दोनच दिवस, अंग गरम झाल्यावर अर्धा-एक मिनिट वेग वाढवायचा, किती वाढवायचा ते तुम्ही ठरवायचं, आणि नंबर शून्याच्या खाली जातोय असं वाटायच्या आधीच सोडायचा. मग पुन्हा करावंसं वाटेपर्यंत आरामात चालायचं, दोन मिनिटं लागू देत नाहीतर सहा. असे तीन-चार झटके पुरेत. आणि हे झटके सुरुवातीकडे घ्या, मग उतरत या, कारण जोर शेवटी शेवटी कमी होत गेला की नंतर त्या व्यायामाची आठवणही चांगली राहते, हे सायकलवरच्या एका प्रयोगात दिसलंय. तुमचा क्लास नेमका उलटा, शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यात जास्त ताण, आणि तीच आठवण घेऊन तुम्ही घरी जाता.

चार आठवड्यांनी नंबर बघा. वेगाच्या झटक्यांना नंबर वर असेल तर तुम्हाला जोर नकोसा नव्हता, दुसऱ्याने ठरवलेला जोर नकोसा होता, आणि मग एखाद्या अशा क्लासचा विचार करा जिथे स्वतःच्या वेगाने करू देतात. तेव्हाही नंबर खालीच असेल तर चालणं आणि वजनं, बस, ह्यावर आयुष्य छान काढता येतं. आदल्या रात्रीच्या गोळ्यावर मात्र लक्ष ठेवा, तो परत आला तर मात्रा जास्त झालीय, तेवढी खूण पुरे.

हे वाचणारे बाकीचेही असतील, त्यांच्यासाठी थोडं. ज्यांना जोर आवडतो पण सोसवत नाही त्यांनी लांबलचक क्लास घेऊ नका, खेळा, छोटे जोराचे तुकडे आणि मध्ये भरपूर श्वास, तुमच्यासाठी तेच छान. ज्यांना माझ्यासारखं हळू चाललं की कंटाळा येतो त्यांनी उगाच "हळू करा, तेच चांगलं" हे ऐकून स्वतःला दाबू नका, मात्र सांधे आणि झोप काय म्हणतायत ते बघा. आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ज्यांना अजिबात आवडत नाही पण सोसायची ताकद प्रचंड आहे त्यांची. हे लोक कधी क्लास सोडून बाहेर येत नाहीत, दुखलं तरी बोलत नाहीत, सगळे त्यांचं कौतुक करतात, आणि मग एक दिवस दुखापत होते नाहीतर ते अचानक कायमचे बंद होतात, कोणाला कळतही नाही का. तुम्ही निदान उठून बाहेर आलात ताई, तुमच्या शरीराचं तुम्ही ऐकलंत.

राहता राहिली बहीण. मला पत्र वाचताना सारखं वाटत होतं की क्लास सोडायची भीती कमी आणि तिच्यापासून लांब पडायची भीती जास्त आहे. तिला सरळ सांगा, "मला तुझ्याबरोबर वेळ हवाय, तो क्लास नकोय." आधी ती वाद घालेल, कारण तिला जे मिळतंय ते तुम्हालाही मिळावं असं तिला मनापासून वाटतं, मी तिच्या जागी होते म्हणून सांगते. ऐकून घ्या पण महिनाभराची मुदत मान्य करू नका. आणि सुट्टीच्या दिवशी तिला तुमच्या चालायच्या रस्त्यावर बोलवा. तुम्ही तुमच्या वेगाने चालत राहा, तिला पुढच्या वळणापर्यंत पळू दे, तिथून मागे वळून तुमच्याकडे येऊ दे, चार वाक्यं बोलू दे तुमच्या बाजूने चालत, आणि मग परत पळू दे. तिचे इंटरव्हल होतील, तुमचं चालणं होईल, आणि घरी दोघी एकदमच पोचाल.